नंबर जुळत नाहीत, म्हणून?

आप्पाकाका गेले त्याला या दिवाळीत दोन वर्षं होतील. त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूंत सगळ्यात जड वस्तू म्हणजे त्यांची बीएसए. पाचशे सीसी, साइड व्हॉल्व्ह, मॉडेल एम-२०. लहानपणी आम्हा पोरांना तिची किक मारायची परवानगी नव्हती, कारण किक उलटली तर पाय मोडतो अशी घरात समजूत होती. (समजूत कसली, शेजारच्यांचा मोडला होता.)

परवा धाकट्या चुलतभावाचा फोन आला. "दादा, गिऱ्हाईक आलंय. पण इंजिन आणि चेसिसचे नंबर जुळत नाहीत म्हणून निम्म्या किमतीत मागतोय. मिस्त्री म्हणतो, इंजिनावरचा नंबर घासून चेसिसचाच ठोकून देतो. तासाभराचं काम आहे. करू का?"

मी इतक्या जोरात "नाही" म्हणालो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आता कारण सांगतो. हे 'मॅचिंग नंबर'चं खूळ आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या बाजारात चांगलंच मुरलंय. इंजिन आणि चेसिस दोन्हींवर एकच नंबर असला तर गाडी अस्सल, नसला तर जोडकाम. काही कंपन्यांच्या बाबतीत हे खरंही आहे. ट्रायम्फचं उदाहरण घ्या. मेरिडनच्या कारखान्यात दोन्हीकडे एकच नंबर ठोकत. १९६९ च्या मॉडेलपासून नंबराआधी दोन अक्षरं येऊ लागली, पहिलं महिन्याचं, दुसरं वर्षाचं. म्हणजे 'जेडी' असेल तर जे म्हणजे ऑगस्ट आणि डी म्हणजे १९७०. पण गंमत अशी की त्यांचा हंगाम ऑगस्टच्या सुमारास सुरू व्हायचा. त्यामुळे 'जेडी'वाली गाडी बनली ऑगस्ट १९६९ मध्ये, विकली गेली १९७० चं मॉडेल म्हणून. दोन्ही साली खरी! शिवाय त्यांनी इंजिनावर नंबराच्या जागी बारीक बारीक 'ट्रायम्फ' अशी उठावाची अक्षरं ठेवली, म्हणजे कोणी नंबर घासला तर ती पुसली जाणार आणि चोरी उघडी पडणार.

पण बीएसए म्हणजे ट्रायम्फ नव्हे. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात त्या काळी इंजिनाचे नंबर वेगळ्या ओळीत चालत आणि चेसिसचे वेगळ्या. एम-२० कारखान्यातून कोरी बाहेर पडली तेव्हाही तिचे दोन नंबर जुळत नव्हते. जुळायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा एखाद्या एम-२० चे दोन्ही नंबर तंतोतंत एक दिसले, तर खुश होऊ नका. कोणीतरी, कधीतरी, हातात पंच आणि हातोडी घेऊन बसला होता, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे आमचा मिस्त्री तासाभरात एका अस्सल गाडीची नकली गाडी करून देणार होता, तीही दुप्पट किमतीला!

आमच्या गाडीवर दोन्हीकडे सुरुवात 'डब्ल्यूएम-२०' अशी आहे. इंजिनावर सिलिंडरच्या खाली, चेसिसवर हँडलच्या मानेपाशी. युद्धाआधी बीएसए दर वर्षी अक्षर बदलायची. १९३७ ला एच, १९३८ ला जे, १९३९ ला के. (आय नाही, कारण तो एकसारखा दिसतो.) मग युद्ध आलं आणि डब्ल्यू आलं, वॉरचं. ते युद्ध संपेपर्यंत तसंच राहिलं. लष्कराला सुमारे १,२६,००० एम-२० द्यायच्या होत्या, दर वर्षी नवं अक्षर काढायला सवड कुणाला? त्यामुळे डब्ल्यूवरून फक्त 'युद्धकाळ' एवढंच कळतं. वर्ष काढायचं तर पुढचे आकडे घ्यायचे आणि लष्कराच्या कोणत्या ठेक्यात ते बसतात हे जुन्या नोंदींवरून पाहायचं.

आप्पाकाका असतानाच मी ते एकदा करून पाहिलं होतं. चेसिस लागली १९४३ च्या ठेक्यात, इंजिन १९४१ च्या. आरसी बुकात मात्र उत्पादनाचं वर्ष १९४९! युद्धानंतर लष्कराचा माल लिलावात निघाला, कोणीतरी गाडी घेतली, पहिल्यांदा नोंदणी केली आणि नोंद करणाऱ्याने तेच साल उत्पादनाच्या रकान्यात टाकलं. मला त्यात फारसा गुन्हा दिसत नाही. समोर काळी धुळकट गाडी आणि एक लिलावाची पावती, त्याने आणखी काय लिहावं?

मी मोठ्या उत्साहाने काकांना सांगितलं, की तुमचं इंजिन दुसऱ्याच गाडीचं आहे. लष्करी वर्कशॉपमध्ये बिघडलेली इंजिनं काढून रांगेत दुरुस्त करत आणि हाती येईल ते पुढच्या चेसिसमध्ये बसवत, तसं काहीतरी झालं असणार. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे दोन गाड्या लढल्या म्हण की." घरात कायम सांगितलं जायचं की गाडी ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आली. नंबर त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही. तो कारखान्यातलं सांगतो, रस्त्यावरचं नाही. हे मात्र मी काकांना सांगितलं नाही.

तर १९४१, १९४३ आणि १९४९ या तीन सालांपैकी खोटं एकही नाही. मिस्त्रीच्या एका हातोडीने त्यातलं पहिलं कायमचं गेलं असतं. वर कायद्याचा प्रश्न आहेच. आरसी बुकात इंजिन नंबरही लिहिलेला असतो, तो घासला की कागद आणि गाडी यांची फारकत. नंबरात फेरफार हा गुन्हा आहे ते वेगळंच. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी निघाली आहे, तिची अटच मुळी गाडी मूळ स्वरूपात असावी ही. 'मूळ' दिसावं म्हणून मूळ घासायचं, याला काय म्हणावं?

नंबर वाकडा ठोकलेला दिसला म्हणूनही घाबरायचं कारण नाही. तेव्हा एकेक आकडा हाताने ठोकत, वाकडा येणारच. बघायचं ते आजूबाजूला. ओतकामाचा खरखरीतपणा तसाच आहे, की तेवढीच जागा गुळगुळीत झालीय?

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तुझं ठीक आहे, पण गिऱ्हाईक गेलं." गेलंच. त्याच्या मुलीची कॉलेजची फी भरायची आहे हे मला माहीत आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या गिऱ्हाइकाशी मी बोलतो, आणि तोवर फीचं आपण दोघं मिळून बघू.

रविवारी गेलो होतो. पत्र्याच्या शेडमध्ये बसून दोघांनी दोन्ही नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसले, वर खडू फिरवला आणि फोटो काढले. टाकीला काकांनी दिलेला मरून रंग आहे. लष्करी मोटरसायकलींच्या टाकीवर 'सी'ने सुरू होणारा नंबर रंगवलेला असायचा. भावाला तो आता लगेच बघायचाय. मी त्याला पॉलिश पेपर हातात घेऊ दिलेला नाही. पाण्याने, बारीक कागदाने, एकेक थर. दिवाळीच्या सुट्टीत बसू.