निर्वासितांच्या गावी जाताना

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की कुळगाव, अंबरनाथ, उल्हासनगर या स्टेशनांच्या परिसरात सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. सिमला, कुलू, मनाली यांच्या जोडीला आता धरमशाला आणि मॅक्लोडगंज ही नावेही त्यांत असतात. दोन रात्रींचा मुक्काम, भागसूचा धबधबा, बाजारातला फेरफटका, मोमोची बशी, मठासमोर काढलेली छायाचित्रे, आणि तिसऱ्या दिवशी मोटार पुढच्या गावाकडे. वर्षभर लोकलच्या गर्दीत पिळून निघालेल्या नोकरदाराने आठ दिवस थंड हवेत काढावेत, यात आक्षेपार्ह काहीच नाही. पगारी रजा कष्टकऱ्यांच्या पदरात कोणी दयेने टाकलेली नाही. ती संघटित लढ्यांनी मिळवलेली आहे. प्रश्न रजेचा नाही. आपण कोणत्या गावी जात आहोत, हे त्या प्रवाशाला ठाऊक असते काय, हा प्रश्न आहे.

मॅक्लोडगंज हे मूळचे इंग्रजांच्या छावणीचे ठाणे. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगडा खोऱ्यात झालेल्या भूकंपात सुमारे वीस हजार माणसे दगावली आणि या ठाण्याची रया गेली. १९४७ नंतर इंग्रजही गेले. उरले ते रिकामे बंगले, देवदारांचे रान आणि नौरोजी या पारशी कुटुंबाचे १८६० पासूनचे दुकान. मार्च १९५९ मध्ये ल्हासात चिनी राजवटीविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला आणि दलाई लामा ३१ मार्च रोजी सरहद्द ओलांडून भारतात आले. वर्षभर मसुरीला राहिल्यावर १९६० मध्ये त्यांना याच ओसाड ठाण्यावर जागा देण्यात आली. त्यांच्या मागोमाग हजारो माणसे आली. अनेकांना पहिले काम मिळाले ते हिमालयातील रस्त्यांवर खडी फोडण्याचे. आज प्रवासी ज्याला 'छोटे ल्हासा' म्हणून कौतुकाने पाहतो, ते मुळात निर्वासितांचे गाव आहे.

निर्वासितांचे गाव म्हणजे काय, हे कुळगावच्या माणसाला कोणी सांगावयास नको. लोकलने दोन स्थानके मागे गेले की उल्हासनगर लागते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे नगर झाले आणि नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पण पत्ता सांगताना लोक अजूनही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतात. पापड लाटून आणि कापडाच्या गाठोड्यांचा व्यापार करून ही माणसे कशी उभी राहिली, हे शेजारच्या गावांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि शेजारी असूनही त्यांच्या मनात काय चालले होते, हे विचारण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली, हेही तितकेच खरे आहे. स्वस्त कापडाची बाजारपेठ एवढीच उल्हासनगरची ओळख पुष्कळांना पुरली.

तीच चूक धरमशालेत पुन्हा होऊ नये, एवढेच या निमित्ताने सांगावयाचे आहे. मात्र दोन्ही निर्वासितांत एक मोठा भेद आहे. सिंधी माणूस आपल्याच देशाचा नागरिक म्हणून आला. येथे कायमचे राहावयाचे, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तिबेटी माणूस परतण्याच्या आशेवर आला. १९५० ते १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेट्यांना कायद्याने नागरिकत्वाचा हक्क आहे. तथापि बहुसंख्य तिबेटी आजही परकीय म्हणून नोंदणी-दाखल्यावर राहतात, आणि त्याची मुदत वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. ज्याचा पाय एका देशात आणि मन दुसऱ्या देशात आहे, अशा समाजाने साठ-पासष्ट वर्षांत काय उभे केले, हे मॅक्लोडगंजमधील पाहण्यासारखे खरे स्थळ आहे.

ते कसे पाहावे? आरंभ पहाटे करावा. दलाई लामांचे निवासस्थान आणि मुख्य मंदिर ज्या टेकडीवर आहे, तिच्याभोवती प्रदक्षिणेची पायवाट आहे. वृद्ध तिबेटी स्त्री-पुरुष हातात जपमाळ आणि प्रार्थनाचक्र घेऊन ती रोज चालतात. महाराष्ट्रीय माणसाला प्रदक्षिणा अपरिचित नाही. देवळाला घालतो तशीच ती उजवी घालावी, मुकाट्याने चालावे, आणि कोणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये. तिबेट्याला 'चिनी' म्हणून हाक मारणे हा तर अपमानाचा कळस होय. ज्या सत्तेने घर हिरावले, तिचेच नाव त्याला चिकटवण्यासारखे ते आहे.

नंतर धरमशाला आणि मॅक्लोडगंज यांच्या मध्ये असलेल्या गांगक्यी या भागात जावे. येथे १९७० मध्ये स्थापन झालेले तिबेटी ग्रंथ आणि हस्तलिखितांचे ग्रंथालय आहे. नालंदेचे जे संस्कृत ग्रंथ भारतात नष्ट झाले, त्यांपैकी कितीतरी केवळ तिबेटी अनुवादाच्या रूपाने टिकून राहिले. म्हणजे निर्वासितांनी पाठीवर वाहून आणलेल्या पोथ्यांत भारताचीच ठेव होती. जवळच तिबेटविषयक वस्तुसंग्रहालय आहे, आणि निर्वासितांचे निवडून आलेले प्रतिनिधीगृहही आहे. २ सप्टेंबर १९६० रोजी या प्रतिनिधींनी पहिली शपथ घेतली. २०११ मध्ये दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार निवडून आलेल्या प्रमुखाच्या स्वाधीन केले. एका धर्मगुरूने राजसत्ता स्वखुशीने सोडून मतपेटीकडे सोपवावी, ही घटना कोणत्याही धबधब्याहून अधिक पाहण्यासारखी आहे.

वर डल सरोवरापाशी तिबेटी बालग्राम आहे. १७ मे १९६० रोजी रस्त्याच्या कामावरील छावण्यांतून आजारी, अर्धपोटी अशी ५१ मुले येथे आणण्यात आली. त्यातून हे विद्यालय उभे राहिले. पुढे कित्येक आईबापांनी आपली मुले बर्फाळ खिंडींतून वाटाड्यांच्या हवाली करून इकडे पाठवली, ती स्वतःच्या भाषेत शिकावीत म्हणून. येथे जाणाऱ्याने मुलांना खाऊ वाटून छायाचित्रे काढू नयेत. विद्यालयाच्या कार्यालयात विचारून, परवानगी घेऊन पाहावे. १९६१ मध्ये स्थापन झालेली तिबेटी वैद्यकाची संस्था, १९५९ पासूनची नाट्य-संगीत संस्था, आणि सिद्धपूर येथील नोर्बुलिंगका या संस्थेतील चित्रकार, लाकूड कोरणारे आणि शिवणकाम करणारे कारागीर, ही सारी त्याच प्रयत्नाची रूपे आहेत. दलाई लामांचे प्रवचन असेल तर आधी नावनोंदणी करावी लागते. ओळखपत्र न्यावे, आणि भाषांतर ऐकण्यासाठी एक छोटा एफ. एम. रेडिओही बरोबर असावा.

या तीन नगरांतून जाणाऱ्या प्रवाशांत बौद्ध कुटुंबेही आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेशी ज्यांचे नाते आहे, त्यांना तिबेटी परंपरेतले विधी आणि लामांची उतरंड पाहून काही प्रश्न पडतील, आणि ते पडलेच पाहिजेत. जुन्या तिबेटात जमीन सरदारांच्या आणि मठांच्या हाती होती, शेतकरी त्यांना बांधलेला होता, हे वास्तव समाजवाद्याने झाकण्याचे कारण नाही. परंतु परकीय सैन्याच्या संगिनीवर लादलेली समता ही समता नव्हे, हेही त्याने तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५० मध्येच चीनच्या आक्रमणाला 'शिशुहत्या' म्हटले होते. जयप्रकाशांनी १९५९ नंतर तिबेटची बाजू उघडपणे मांडली. दिल्लीने मात्र १९५४ च्या करारात तिबेटला 'चीनचा प्रदेश' असे लिहून दिले, आणि २००३ मध्ये त्याची पुनरुक्ती केली.

आता अर्थकारणाची बाजू. सहलीचे सगळे पैसे आगाऊ भरणाऱ्या प्रवाशाचा रुपया बव्हंशी टूर कंपनी, मोठे हॉटेल आणि मोटारमालक यांच्यातच फिरतो. गावाच्या हाती चिल्लर राहते. तोच प्रवासी घरगुती खाणावळीत जेवला, गालिचा वा शाल हस्तकला सहकारी केंद्रातून घेतली, एखादा दिवस जादा राहिला, तर तोच रुपया विणणाऱ्या हातापर्यंत पोहोचतो. मात्र 'तिबेटी' म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू तिबेट्याने केलेली नसते, एवढे भान ठेवावे.

आणि मॅक्लोडगंज केवळ तिबेट्यांचे नाही. धौलाधारच्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या चारणारे गद्दी लोक येथील मूळचे रहिवासी. परदेशी देणग्या निर्वासितांना मिळतात आणि आम्ही मात्र होतो तिथेच, ही त्यांची भावना निराधार म्हणता येणार नाही. एप्रिल १९९४ मध्ये एका भांडणात स्थानिक तरुणाचा मृत्यू झाला आणि तिबेट्यांच्या मालमत्तेवर हल्ले झाले. दलाई लामांनी तेव्हा गाव सोडून जाण्याची तयारी दर्शवली होती. पाहुणा आणि यजमान दोघेही गरीब असले की दानाचे असमान वाटप त्यांच्यात भिंत उभी करते. म्हणून प्रवाशाने गद्दी कुटुंबाच्या घरीही उतरावे, त्रिउंडच्या चढावर स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि त्याला पुरती मजुरी द्यावी.

पाणी आणि कचरा यांचा विचार तर कुळगावकराने सर्वांआधी करावा. २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस त्याने पाहिली आहे. १२ जुलै २०२१ रोजी भागसूच्या नाल्याला अचानक लोंढा आला आणि रस्त्यात उभ्या असलेल्या मोटारी वाहून गेल्या. नाल्याचे पात्र बांधकामांनी आकसले होते. पाण्याची वाट अडवली की पाणी आपली वाट काढते, हा धडा दोन्हीकडे एकच. पावसाळ्यात तिकडे जाऊ नये, बाटल्या आणि पुड्या डोंगरावर टाकू नयेत, आणि दरीच्या तोंडावर बांधलेल्या हॉटेलात खिडकीतला देखावा चांगला म्हणून उतरू नये.

हे सारे पाहण्यास फार काळ उरला आहे असे समजू नये. २००८ नंतर तिबेटातून येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ आटला आहे, आणि येथील तरुण युरोप-अमेरिकेची वाट धरीत आहेत. ६ जुलै २०२५ रोजी दलाई लामांनी नव्वदी पूर्ण केली. त्याआधी चार दिवस त्यांनी जाहीर केले की ही परंपरा पुढे चालू राहील आणि उत्तराधिकारी शोधण्याचा अधिकार त्यांच्याच न्यासाचा असेल. चीनला हे मान्य नाही. उद्या दोन दलाई लामा उभे राहिले, तर भारत कोणाच्या बाजूने उभा राहील? ज्या देशाचे नागरिक त्या गावी केवळ मोमो खाऊन परततात, त्या देशाच्या सरकारला या प्रश्नाचे उत्तर देण्याची निकड वाटणार नाही. लोकमत बाजारातल्या फेरफटक्यातून तयार होत नाही. ते जाणून घेण्यातून तयार होते.

ज्यांना एवढा प्रवास परवडत नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्रातच एक वाट आहे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावपाशी, १९७२ पासून तिबेटी शेतकऱ्यांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. बर्फाच्या मुलखातली माणसे विदर्भाच्या उन्हात भात पिकवतात. हिवाळा आला की अशाच वसाहतींतील कुटुंबे लुधियानाहून उधारीवर माल उचलून नागपूर-पुण्याच्या पदपथांवर स्वेटर विकावयास बसतात. त्यांच्याशी भाव करताना एक प्रश्न जास्तीचा विचारावा : गाव कोणते? कॅम्प नंबर चारमध्ये पंचाहत्तर वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. येथे तो अजून विचारता येतो.