अब्बांसाठी काय घेतलं?

विसावा रोजा उलटला की शहरातले शिंपी नवे कापड घ्यायचे थांबतात. दाराला 'ऑर्डर बंद'ची पाटी लागते आणि आतल्या मशिनी चाँदरातीपर्यंत थांबत नाहीत. इकडे विजापूर वेशीतल्या मीना बाजारात रात्रीची तरावीहची नमाज सुटली की पाय ठेवायला जागा नसते. बांगड्या, चपला, शेवया, खारीक, मुलांचे कुर्ते, बश्यांचे सेट. प्रत्येक घराची एक यादी असते आणि ती रोज थोडी लांबत जाते. त्या यादीच्या अगदी शेवटी, बहुधा सत्ताविसाव्या रोजाला, कोणाला तरी आठवण होते, "और अब्बाकू?" कोपऱ्यातून उत्तर येते, "मेरेकू कुछ नक्को."

हा 'नक्को' आमच्या दखनीला मराठीनेच दिला. त्यामुळे या उत्तरावर तरी सगळ्यांचा सारखा हक्क आहे. दिवाळीला सगळ्यांचे कपडे झाल्यावर 'माझा मागच्या वर्षीचा शर्ट चांगला आहे की' म्हणणारे वडील या पानाच्या किती वाचकांच्या घरात असतील!

हे उत्तर खरे मानून यादी मिटवणे सोपे असते. पैसेही वाचतात. पण तीस-चाळीस वर्षे घराचा खर्च ज्याने ओढला, त्याला यादीत स्वतःचे नाव घालायची सवयच राहिलेली नसते. काय हवे असे विचारले तर त्याला खरोखरच सुचत नाही. म्हणून विचारू नये. रमजानच्या तीस दिवसांत वडील घरात काय करतात, कुठे अडतात, कोणती वस्तू जपून वापरतात, तेवढे पाहावे.

न पाहता घेतलेल्या भेटींचे काय होते, ते आमचे कपाट सांगेल. हजहून किंवा उमऱ्याहून येणारा प्रत्येक नातेवाईक जमजमच्या पाण्यासोबत एक तसबीह आणि एक जानमाज आणतो. आमच्या कपाटात सात कोऱ्या जानमाजी आहेत आणि अब्बा आठवीवर, कडा झिजलेल्या जुन्या जानमाजेवर, नमाज पढतात. काठीचेही तसेच. ती उपयोगाची खरी, पण ईदच्या सकाळी चार माणसांसमोर वडिलांच्या हातात काठी देणे म्हणजे 'तुम्ही म्हातारे झालात' असे जाहीर करणे. गरज असेल तर ती एखाद्या साध्या दिवशी आणून कोपऱ्यात ठेवावी. मित्राच्या वडिलांना ईदची भेट नेणाऱ्या बिगरमुस्लिम वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. आमच्यात पुरुषांना सोने आणि रेशीम वर्ज्य आहे. हौसेने नेलेला रेशमी कुर्ता धार्मिक वळणाचे गृहस्थ हसून घेतील आणि अंगाला लावणार नाहीत. चांदीची अंगठी चालते.

अत्तर मात्र सहसा वाया जात नाही. पैगंबरसाहेब सुगंधाची भेट कधी नाकारत नसत, असे हदीसमध्ये आले आहे, त्यामुळे 'नक्को' म्हणायची इथे पंचाईत होते. फवाऱ्याच्या बाटलीत अल्कोहोल असते म्हणून पुष्कळ वडीलधारे ती टाळतात. कुपीतले तेलकट अत्तर घ्यावे. तेही ऋतू पाहून. आमचा महिना चंद्राचा असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि ईद कधी थंडीत तर कधी उन्हाच्या कडाक्यात येते. थंडीत हिना, शमामा. उन्हात खस किंवा कन्नौजचे मिट्टी अत्तर, पहिल्या पावसाच्या वासाचे. दुकानदार मनगटाला लावून दाखवतो, पण लगेच पैसे देऊ नयेत. बाजाराला एक फेरी मारून यावे आणि मग हुंगून पाहावे.

कुर्ता द्यायचा तर मापासाठी जुना कुर्ता शिंप्याकडे देऊ नये, हे शिंप्याचा मुलगा म्हणून सांगतो. साठीनंतर माणूस खांद्यात उतरतो, पाठीत वाकतो. जुन्या मापाचा कुर्ता पुढून लोंबतो आणि मागून उचलला जातो. आणि खिसे खोल हवेत, दोन्ही बाजूंना. या वयात चष्म्याची डबी, गोळ्या, रुमाल, किल्ल्या, सगळे अंगावरच असते.

रमजानमध्ये बहुतेक वडील रोज कुराणचा एक पारा वाचून महिन्यात तीस पारे पूर्ण करतात. डोळे दमत असतील तर मोठ्या अक्षरांची प्रत ही खरी भेट. पण घरातली जुनी प्रत आधी उघडून पाहावी. आपल्याकडे एका पानावर तेरा ओळींच्या, पंधरा ओळींच्या, सोळा ओळींच्या प्रती मिळतात. वर्षानुवर्षे एकच प्रत वाचणाऱ्याला कोणती आयत पानाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे डोळ्यांनी पाठ झालेले असते. ओळी बदलल्या की तो स्वतःच्याच घरात चाचपडल्यासारखा होतो. अक्षर मोठे करा, ओळी त्याच ठेवा. तशी प्रत मिळाली नाही तर मान वाकवावी लागणार नाही इतकी उंच रेहल आणि शेजारी एक चांगला दिवा, एवढ्यानेही काम होते.

इथवर वस्तूंचे झाले. त्याहून अवघड गोष्ट पैशाची आहे, आणि तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

जकात, म्हणजे शिल्लक संपत्तीतून अडीच टक्के, गरजूंना द्यायची असते. पण ती स्वतःच्या आई-वडिलांना देता येत नाही. कारण सरळ आहे. ते गरजू असतील तर त्यांचा खर्च चालवणे हे मुलाचे कर्तव्यच आहे, त्यात दान कसले? मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. बापाला दिलेला पैसा उपकाराच्या खात्यात लिहायचाच नाही. पण नियम झाला म्हणून बापाच्या मनातले ओझे उतरत नाही. ईदच्या नमाजेआधी घरातल्या माणशी फितरा द्यायचा असतो, सुमारे पावणेदोन किलो गव्हाची किंमत. पूर्वी अब्बा आमची डोकी मोजायचे, आता आम्ही त्यांचे मोजतो. मोजताना ते दुसरीकडे पाहतात.

अब्बांनी दुकान बंद केले ते डोळ्यांमुळे. सुईत दोरा जाईना. चाळीस वर्षे लोकांचे ईदचे कपडे शिवणारा हा माणूस स्वतःचा कुर्ता चाँदरातीला मध्यरात्रीनंतर शिवायचा, हे आम्हाला इतके सवयीचे होते की त्यात काही वाटायचे नाही. दुकान बंद झाल्यानंतरच्या पहिल्या ईदला आम्ही त्यांना तयार महागडा कुर्ता घेतला. नमाज झाली, गळाभेटी झाल्या आणि अब्बा शिरखुर्म्याचा डबा घेऊन जे गेले, ते दुपारी तीनला परतले. नातवंडे, भाचरे, शेजारची पोरे सलाम करून ईदी घेऊन केव्हाच पांगली होती. आम्हाला वाटले, दोस्तांत रमले असतील.

खरे कारण बटणवाल्या काकांनी सांगितले. अब्बांच्या दुकानाला लागून त्यांचे बटणे-अस्तराचे दुकान. ईदचा पहिला डबा वर्षानुवर्षे त्यांच्याकडे जातो आणि दिवाळीचा पहिला फराळ त्यांच्याकडून येतो. आठवड्याने मी चेन घ्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "अरे, तुझा बाप दुपारपर्यंत माझ्या गल्ल्याजवळ बसून होता. म्हणाला, पोरं सलाम करायला येतील, हातावर ठेवू काय?"

ईदी मोठ्यांनी धाकट्यांना द्यायची असते. आम्ही त्या दिवशी सगळे दिले होते, फक्त त्यांचा तो हात रिकामा ठेवला होता. मागायचे त्यांच्या तोंडून आले नसते आणि आमच्या डोक्यात आले नाही.

पुढच्या रमजानला मी बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडे शब्द टाकून दहाच्या कोऱ्या नोटांची एक गड्डी मिळवली. शंभर नोटा, हजार रुपये. आदल्या वर्षीच्या कुर्त्यापेक्षा कमीच. चाँदरातीला अम्मीने ती इस्त्री केलेल्या कुर्त्याच्या उजव्या खिशात ठेवली आणि कोणी काही बोलले नाही. सकाळी नमाजेहून आल्यावर अब्बा ओसरीवर खुर्ची टाकून बसले. डबा त्या दिवशी मी पोचवला. पोरे रांगेने येत होती आणि अब्बा प्रत्येकाला नाव विचारून, वडिलांचे नाव विचारून, मगच नोट देत होते. शिंप्याची सवय, माप घेतल्याशिवाय काही द्यायचे नाही. काही पोरे दुसऱ्यांदा रांगेत आली. त्यांनाही मिळाली.

संध्याकाळी कुर्ता काढताना त्यांनी मला हाक मारली. उरलेल्या नोटा मोजत होते. वर न पाहता म्हणाले, "अगले साल बीस के नोटां ला. दस रुपये में क्या आता आजकल?"