वाट पाहण्याची किंमत

न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाने डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटो या डॉमिनिकन खेळाडूशी पंधरा वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा सोटोइतकीच चर्चा झाली ती त्याचे एजंट स्कॉट बोरास यांची. याच सोटोने २०२२ मध्ये वॉशिंग्टन संघाने देऊ केलेले ४४ कोटी डॉलर नाकारले होते. थांबण्याचा तो निर्णय फळला. तथापि, असे थांबणे प्रत्येकाला परवडते काय, हा प्रश्न या झगमगाटात मागे पडतो.

आपल्या वाचकांना आयपीएलचा लिलाव परिचित आहे. तेथे हातोडा पडला की किंमत ठरली. एजंटाला घासाघीस करण्यास फारसा वाव नाही. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये मात्र सारा खेळ घासाघिशीचाच. पहिली साधारण तीन वर्षे संघ देईल ते वेतन मुकाट्याने घ्यायचे, पुढील तीन वर्षे मतभेद झाल्यास लवादाकडे जायचे आणि सहा वर्षे भरली की मुक्त व्हायचे, अशी ही व्यवस्था आहे. लवादाची रीतही मोठी गमतीची. दोन्ही बाजूंनी एकेक आकडा मांडायचा आणि लवादाने त्यांपैकी एकच निवडायचा. मधला मार्ग नाही. साहजिकच आकडा किती ताणावा, याचा अंदाज हेच एजंटाचे खरे भांडवल ठरते. या सेवेबद्दल त्याला सर्वसाधारणपणे चार ते पाच टक्के मिळतात.

'दलाल' हा शब्द आपल्याकडे आदराने उच्चारला जात नाही. अमेरिकेतील संघमालकांची भावनाही निराळी नाही. परंतु एजंट नव्हते तेव्हाचा काळ आठवावा. करार संपला तरी खेळाडूवर संघाचाच हक्क ठेवणारे 'राखीव कलम' जवळजवळ शतकभर लागू होते. त्याविरुद्ध कर्ट फ्लड सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये हरला. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर सेट्झ यांनी दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि खेळाडूला बाजारात उभे राहण्याचा हक्क मिळाला. एजंटाचे आजचे बळ त्या निकालातून आले आहे. तेव्हा मालकांच्या तक्रारीवर फार अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

खेळाडूच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. २०२३-२४ च्या हिवाळ्यात बोरास यांचे चार नामांकित खेळाडू दीर्घ मुदतीच्या मोठ्या कराराची वाट पाहत राहिले. संघ बधले नाहीत. फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेर चौघांनाही अल्प मुदतीचे करार पत्करावे लागले. त्यांपैकी ब्लेक स्नेलने दोन वर्षांसाठी ६ कोटी २० लाख डॉलर स्वीकारले, त्यातून बाहेर पडण्याची मुभा राखली आणि वर्ष सरण्यापूर्वीच लॉस एंजलिस डॉजर्सकडून पाच वर्षांचे १८ कोटी २० लाख मिळवले. मॅट चॅपमनलाही त्याच वर्षी सहा वर्षांचा करार मिळाला. म्हणजे डाव अगदीच चुकला, असे म्हणता येत नाही.

चौघांतील जॉर्डन माँटगोमेरीच्या वाट्याला मात्र निराळेच आले. २०२३ मध्ये टेक्सास रेंजर्सच्या विजेतेपदात वाटा असलेला हा डावखुरा पिचर हंगाम तोंडावर आला तरी संघाविना होता. शेवटी ॲरिझोनाने त्याला एका वर्षाचे अडीच कोटी डॉलर दिले. रक्कम सामान्य माणसाचे डोळे दिपवणारी, हे खरेच; पण पिचरचा खांदा आणि कोपर किती वर्षे साथ देतील हे कोणी सांगू शकत नाही, आणि दीर्घ कराराचे मोल तेथेच असते. अनेक खेळाडू सांभाळणाऱ्या एजंटाचा एक डाव फसला तर दुसरा भरून काढतो. खेळाडूची कारकीर्द एकच असते. सल्ला देणारा आणि जोखीम उचलणारा यांच्यातील हे अंतर टक्केवारीच्या हिशेबात कोठेच दिसत नाही.

माँटगोमेरीने एप्रिल २०२४ मध्ये एजंट बदलला. त्या हंगामात त्याची कामगिरी घसरली आणि २०२५ चा हंगाम कोपराच्या शस्त्रक्रियेत गेला.