'नुसतं खेळवता?'

तीन वर्षांच्या मुलाने वर्षभरात किती अक्षरे गिरवली यावरून त्याची शाळा जोखणारे पालक आणि अशा पालकांच्या जिवावर चालणाऱ्या नर्सरी, या दोघांशीही माझे भांडण आहे. आमच्या मोहल्ल्यात अशा नर्सरी गल्लोगल्ली आहेत. एक खोली, टाय बांधलेली पोरे आणि वहीत पानेच्या पाने एबीसीडी. पोरगे एखाद्या दिवशी कोरी वही घेऊन घरी आले की अम्मी दुसऱ्या दिवशी दारात हजर. 'फी कशाची घेता? नुसतं खेळवता?'

हे 'नुसतं' मला खटकते.

मूल चिंचोके आणि खडे वेगळे करते, प्रत्येक वाटीत एकेक चिंचोका टाकते, तेव्हा ते गणितच करत असते. 'पाच' म्हणजे पाच वस्तू, हे त्याला तिथे कळते; शंभरपर्यंत घोकून कळत नाही. मणी ओवताना, माती मळताना, कागद फाडून चिकटवताना बोटांत जी ताकद येते तिच्यावर पुढचे लेखन उभे राहते. त्याआधीच पेन्सिल दिली की मूल मूठ आवळून वही फाडते, आणि आपण त्याला ढ ठरवतो. भातुकलीत दादी कोण होणार यावरून भांडता भांडता ते आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकते. गोष्ट मध्येच थांबवून 'आता काय होईल?' विचारले की ते विचार जुळवू लागते, शब्द शोधू लागते. हे खेळ सोप्याकडून अवघडाकडे लावणे, कोणते मूल कुठे अडले ते बघणे आणि उद्या त्याच्यापुढे काय ठेवायचे ते ठरवणे, याला बालवाडीचा अभ्यासक्रम म्हणतात. वही भरून घेण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे.

आणि हे बाहेरून आलेले फॅड नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यात आल्या, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. माँटेसोरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने वापरली. म्हणजे गरिबी ही सबब इथे कधीच मोडीत निघाली आहे.

सरकारलाही सोडू नये. २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या बालविकास योजनेतल्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. पण आहार, वजने, लसीकरण आणि माहिती भरणे यातून उरलेला वेळच सेविकेने शिकवण्याला द्यायचा. तिला पगार नाही, मानधन मिळते. खेळाधारित शिक्षणाचा २०२२चा राष्ट्रीय आराखडा वाचायला छान आहे. तो राबवणारीच्या हातात वेळ कुठे आहे?

आता आपल्या घरची गोष्ट. सोलापूरकडे आपली मुले दखनी बोलतात, रत्नागिरीकडे कोकणी. 'मेरेकू पानी होना' म्हणणाऱ्या पोराला 'से वॉटर' म्हणून दटावले की ते तहान मारून गप्प बसते. महिनाभर गप्प बसलेल्या मुलाबद्दल मग मिस सांगतात, 'लक्ष नाही याचं.' लक्ष आहे हो, बोलायला भाषा ठेवली नाहीत तुम्ही त्याला. तोच आराखडा या वयात घरची भाषा वापरा म्हणतो. घरच्या भाषेत भरपूर बोललेले मूल पुढे मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्ही शिकेल. मराठी की उर्दू या वादात आपण मोठी माणसे अर्धे आयुष्य घालवतो. तीन वर्षांच्या पोराला त्यात ओढू नका.

आणि आपल्या जमातींनाही विचारतो. दहावीच्या गुणवंतांचा सत्कार दरवर्षी होतो. हॉल, ट्रॉफी, पाहुण्यांचे हार, सगळे साग्रसंगीत. पहिलीतच मागे पडून सातवीत गॅरेजवर गेलेला पोरगा त्या हॉलमध्ये कधीच दिसत नाही. त्याच खर्चात मोहल्ल्यातल्या अंगणवाडीला सतरंज्या, चित्रांची पुस्तके, ठोकळे आणि सेविकेच्या हाताखाली एखादी शिकलेली मुलगी देता येते. या वर्षीच्या सत्काराची बैठक अजून व्हायची असेल, तर हा विषय आधी घ्या.