डॉक्टरची परीक्षा खाटेजवळ घ्या

अंगारकीला राजूरच्या राजुरेश्वराला केवढी गर्दी लोटते, ते जालना जिल्ह्याला सांगायला नको. अशा दिवशी उन्हाने चक्कर आलेली आजी, दुचाकीवरून पडलेला तरुण आणि कळा सुरू झालेली बाई एकाच वेळी सरकारी दवाखान्यात आली, तर शिकाऊ डॉक्टरला नुसते औषधांचे डोस पाठ असून भागत नाही. आधी कोणाला पाहायचे, सिस्टरला नेमके काय सांगायचे, नातेवाइकांना कसा धीर द्यायचा आणि वरिष्ठांना फोन कधी लावायचा, हेही यायला हवे. या गोष्टी शिकवायच्या असतात, हे आता मान्य झाले आहे. २०१९ च्या एमबीबीएस तुकडीपासून वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारा ‘एटकॉम’ हा भाग अभ्यासक्रमात आला. पण लेखी उत्तरातून माणसाचे वागणे कळत नाही. रुग्ण जालन्याला पाठवताना चिठ्ठीवर ‘पुढील उपचारांसाठी’ एवढेच खरडले, की रक्तस्राव कधी सुरू झाला, कोणते इंजेक्शन किती वाजता दिले, बीपी किती होते हेही लिहिले? १०८ ची गाडी निघण्याआधी तिकडे फोन केला का? हे कामाच्या जागी पाहिल्याशिवाय समजणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, वागण्याला गुण देणे म्हणजे मर्जीचा मामला. एकाच साहेबाच्या एका शेऱ्यावर सगळे अवलंबून असेल, तर तो खराच आहे. म्हणूनच स्कॉटलंडमधील ॲबरडीनला सर्जनसाठी तयार झालेली ‘नॉट्स’ पद्धत परिस्थितीचे भान, निर्णय, संवाद व सांघिक काम आणि नेतृत्व असे चार भाग पाडते आणि दिसलेल्या कृतीवरच बोट ठेवते. ब्रिटनमध्ये नवशिक्या डॉक्टरांबद्दल परिचारिकांसह अनेक सहकाऱ्यांचे मत घेतले जाते. आपल्याकडेही सिस्टर आणि आशाताईंना विचारायला काय हरकत आहे? इंटर्न रुग्णाशी कसा बोलतो, हे त्या रोज पाहत असतात.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. आधीच डॉक्टर अपुरे, त्यात हे नवे लचांड कशाला? पण यासाठी वेगळी परीक्षा मांडावी लागत नाही. राउंडमध्ये किंवा ड्युटी बदलताना पंधरा-वीस मिनिटे लक्ष द्यायचे आणि काय चुकले, काय जमले ते तिथेच सांगायचे. तेवढ्यापुरताही वरिष्ठ हजर नसेल, तर इंटर्नशिपच्या नावाखाली नुसते हात राबवून घेणे चालू आहे, असेच म्हणावे लागेल. गुणांसाठी मुले नाटक करतील, ही शंकाही रास्त आहे. त्यामुळे या निरीक्षणांचे गुण धरू नयेत, ती सुधारणेसाठी वापरावीत. वारंवार सांगूनही गंभीर दोष राहिला, तरच इंटर्नशिप लांबवावी.

जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये १०० जागांसह सुरू झाले. तिथली पहिली तुकडी प्रवेशानंतर साडेचार वर्षांनी इंटर्नशिपला उभी राहील. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तोवर लॉगबुकात या निरीक्षणांची पाने घालावीत आणि ती भरणाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे. वागणे न पाहता डॉक्टरने घातलेले नुसते टाके मोजण्याची सवय एकदा रुजली, की ती मोडणे फार कठीण जाते.