कृती खुली, साहित्य कुलुपात

केंद्रीय अर्थसंकल्प २३ जुलै २०२४ रोजी मांडला गेला, तेव्हा सर्वत्र चर्चा झाली ती प्राप्तिकराच्या टप्प्यांची आणि सोन्यावरील शुल्कात झालेल्या कपातीची. त्याच कागदपत्रांत एक लहानशी तरतूद होती. ५०० ग्रॅम वा ५०० मिलिलिटरपर्यंतच्या वेष्टनांत येणाऱ्या प्रयोगशाळीय रसायनांवरील सीमाशुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर नेण्यात आले होते. शुद्ध मद्यार्क प्रयोगशाळेचे रसायन म्हणून स्वस्तात आत येऊ नये, असा त्यामागील हेतू सांगण्यात आला. एका चोरासाठी साऱ्या आळीला कुलूप घालण्याचाच हा प्रकार होता. संशोधकांनी तक्रारी केल्या आणि १ ऑगस्टच्या सुमारास, माल स्वतःच्या वापरासाठी आहे, विक्रीसाठी नाही, या अटीवर जुना दर पुन्हा लागू झाला. नऊ-दहा दिवसांत प्रकरण मिटले असे समजून आपण ते विसरलो.

प्रस्तुत लेखकास ते मिटले असे वाटत नाही. मुंबई-बंगलोरची मोठी संस्था स्वतः आयात करते, हमीपत्र देते आणि सवलत घेते. जिल्ह्याच्या ठिकाणचे महाविद्यालय चार बाटल्यांसाठी आयातदार होऊ शकत नाही. ते व्यापाऱ्याकडून घेते, आणि व्यापारी तर विक्रीसाठीच आणतो. प्रत्येक विकर वा तपासणीचा संच याच शुल्क-शीर्षाखाली येतो असे नाही, हे मान्य. परंतु सवलतीची अट कोणाला नजरेसमोर ठेवून लिहिली गेली, हे यातून पुरेसे स्पष्ट होते.

मी अर्थशास्त्र शिकवितो. रेणवीय जीवशास्त्र आणि प्रतिकारशक्तिशास्त्र यांच्याशी माझा संबंध पंचवटीतील एका महाविद्यालयाच्या खरेदी समितीचा सदस्य एवढाच. त्या खुर्चीवरून दिसणारे दृश्य मात्र बोधप्रद आहे. विज्ञान विभागाची मागणी जुलैत येते, तीन दरपत्रकांची वाट पाहत हिवाळा जातो, मंजुरी फेब्रुवारीत मिळते आणि रक्कम ३१ मार्चपूर्वी खर्ची पडावीच लागते. उणे २० अंशांवर ठेवावयाची विकरे परीक्षा आटोपल्यावर, ऐन उन्हाळ्यात येऊन पोहोचतात. शीतपेटी सुट्टीत चालू राहिली तर विद्यार्थ्यांचे नशीब. नाही राहिली, तर पुढील वर्षी प्रात्यक्षिकाच्या जागी फळ्यावरची आकृती येते. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाई एकदा समितीपुढे म्हणाल्या, “सर, कृती मुलांना तोंडपाठ आहे. हातांना तेवढी येत नाही.”

कृती तोंडपाठ असण्यात नवल नाही, कारण या शास्त्राने आपल्या कृती जगापुढे मोकळ्या मांडल्या आहेत. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने १९८२ साली मॅनिएटिस, फ्रिट्श आणि सॅमब्रुक यांचे ‘मॉलिक्युलर क्लोनिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. तेथील एका अभ्यासवर्गातून ते जन्मले होते. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्याचे तीन खंड झाले. प्रतिपिंडांसंबंधी हार्लो आणि लेन यांचे तसेच पुस्तक १९८८ चे. या ग्रंथांत सिद्धान्त थोडा. द्रावण किती घ्यावे, कोणत्या तापमानाला किती मिनिटे ठेवावे, अपेक्षित ते दिसले नाही तर चूक कोठे शोधावी, हाच त्यांचा विषय. जी विद्या पूर्वी गुरूच्या शेजारी उभे राहून पाहावी लागे, ती छापील पानावर आली. अशा ज्ञानाला अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणतात: नाशिकच्या विद्यार्थ्याने ते वापरले म्हणून केंब्रिजच्या विद्यार्थ्याचा वाटा कमी होत नाही.

परंतु कृती आणि ती करण्याचे साहित्य यांचे अर्थशास्त्र वेगवेगळे आहे. केंब्रिजमध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी १९७५ साली एकाच पेशीवंशातून एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तेवढी मिळविण्याची रीत शोधली. तिचे पेटंट घेतले गेले नाही, आणि पुढे नऊ वर्षांनी दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. उलट, डीएनएच्या सूक्ष्म अंशाच्या लक्षावधी प्रती काढणारी पीसीआरची रीत कॅरी मुलिस यांनी १९८३ साली सीटस या अमेरिकन कंपनीत शोधली. कंपनीने पेटंट घेतले आणि १९९१ मध्ये ते हक्क हॉफमन-ला रोश या कंपनीला ३० कोटी डॉलरला विकले. मूळ पेटंटांची अमेरिकेतील मुदत २००५ साली संपली. आता पीसीआरला लागणारे टॅक नावाचे विकर साध्या जीवाणूंकडून करवून घेऊन शुद्ध करणे कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेला कठीण नाही. त्याची रीत छापलेली आहे. तरी आम्ही ते विकतच घेतो.

विकत घेतले तर काय बिघडले, असा प्रश्न श्रमविभाग शिकविणाऱ्या माझ्यासारख्यानेच प्रथम विचारावयास हवा. त्याचे उत्तर २०२० सालाने दिले. मार्चमध्ये खासगी प्रयोगशाळांतील कोविड-पीसीआरचा कमाल दर ४५०० रुपये होता. महाराष्ट्र शासनाने जूनमध्ये तो २२०० वर आणला आणि मार्च २०२१ च्या अखेरीस, केंद्रावर नमुना दिल्यास, ५०० वर. कृती तीच होती. पुण्यातील मायलॅबसारखे देशी उत्पादक संच बनवू लागले, प्रयोगशाळांची संख्या वाढली, आणि पहिल्या दरात टंचाईचा वाटा किती मोठा होता ते उघड झाले.

दुसरे उदाहरण अधिक कटू आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चीनमधून प्रतिपिंडांच्या त्वरित तपासणीचे संच आले. आयातीचा खर्च एका संचामागे २४५ रुपये आणि सरकारी खरेदीचा ठरलेला भाव ६०० रुपये, हे आपल्याला समजले ते विक्रेत्यांचे भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेले म्हणून. न्यायालयाने भाव ४०० वर आणला. तोवर संचांचे निष्कर्षच भरवशाचे नाहीत असे राज्यांच्या लक्षात आले होते, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने ते परत करावयास सांगितले. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने स्वतःची एलायझा चाचणी तयार केली. तिच्यात एका वेळी ९० नमुने अडीच तासांत तपासता येत. ही संस्था १९५२ पासून विषाणूंवर काम करीत होती. संकटाच्या वेळी तिच्याजवळ रीत जाणणारे हात होते. असे हात कोणत्याही निविदेने मिळत नाहीत.

रीत छापलेली असणे निराळे आणि शेवटच्या हाताला ती अवगत असणे निराळे, याची किंमत मुंबईच्या परळ प्रयोगशाळेने फार पूर्वी मोजली आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली आणि १८९९ मध्ये परळला त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी, परळहून गेलेल्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हाफकिन यांनी लस बनविण्याच्या रीतीत बदल करून कार्बोलिक आम्ल वगळले होते. चौकशीत दोष परळवर आला आणि त्यांना पद गमवावे लागले. मात्र बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही नोंद त्याच चौकशीच्या कागदांत होती. तिला योग्य वजन मिळून हाफकिन निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांना त्यासाठी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहावे लागले.

आमच्या प्रयोगशाळेत चिमटे, काचसामान आणि शीतपेटी ज्यांच्या हाती असतात ते परिचर मराठी वाचतात. संचांवरच्या सूचना इंग्रजीत असतात. मराठीतून विज्ञान की इंग्रजीतून, हा वाद आपण अनेक वर्षे हिरीरीने घालतो; त्यात या माणसाची आठवण कोणाला झाल्याचे मला तरी दिसले नाही.

पंचवटीच्या शेजारी म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली ते स्थापन झाले. सिंहस्थ २०२७ साली आहे, आणि त्या महिन्यांत गोदेच्या पाण्याचे व आजाऱ्यांचे नमुने जलद तपासणारे हात येथेच लागतील. जिल्ह्यातील महाविद्यालयांसाठी टॅकसारखी दोन-चार विकरे एका ठिकाणी तयार करून वाटण्याची सोय झाली, अखर्चित अनुदान पुढील वर्षी वापरू दिले, आणि मुख्य कृतींची मराठी पत्रके प्रत्येक टेबलावर चिकटविली, तर खर्च फारसा नाही. घरी बनविलेले विकर रुग्णाच्या निदानासाठी वापरता येणार नाही, त्याला परवाना व प्रमाणीकरण हवे, हा आक्षेप रास्त आहे. पण विद्यार्थ्याला हात चालविण्यासाठी ते पुरेसे आहे. वीस वेळा फसण्याची चैन विकतच्या संचावर कोणालाच परवडत नाही.

आमच्या बाईंनी यंदा असाच एक प्रस्ताव समितीपुढे ठेवला आहे: विकर विकत घेण्याऐवजी ते तयार करण्याचे साहित्य मंजूर करावे. त्यावर कार्यालयाचा शेरा आला की, तयार होणाऱ्या विकराची तीन दरपत्रके जोडावीत. जी वस्तू आपणच बनविणार तिची दरपत्रके कोणाकडून मागवावयाची, असे बाईंनी लेखी विचारले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.