बुडालेल्याचा शोध हे कोणाचे काम?

२०२४ सालच्या मे महिन्यात, अवघ्या तीन दिवसांत, महाराष्ट्रात दोन घटना घडल्या. २१ मे रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेही होती. त्यांचे मृतदेह हाती येईपर्यंत तिसरा दिवस उजाडला. त्याच तिसऱ्या दिवशी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरा नदीत आदल्या दिवशी बुडालेल्या तरुणाचा शोध चालू असताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची होडीच उलटली आणि शोध घेणारे तीन जवान मृत्युमुखी पडले. त्यांना शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला, ते योग्यच झाले. पण या दोन्ही घटनांना 'दुर्दैवी' हे विशेषण लावून शासन मोकळे झाले, ते मात्र योग्य झाले नाही. दुर्दैव हा शब्द राज्यकर्त्यांच्या फार सोयीचा असतो; त्याला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही आणि त्याच्यावर विधिमंडळात प्रश्नही विचारता येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. म्हणजे दररोज शंभराहून अधिक. यांतली फारच थोडी माणसे मोठ्या दुर्घटनेत सापडलेली असतात. बाकीची एकेकटी जातात: धुणे धुवायला गेलेली आई व तिच्यामागे पाण्यात उतरलेली मुलगी, म्हशी धुणारा पोरगा, मोटार चालू करायला रात्री नदीवर गेलेला शेतकरी. काठावर चपला आणि कपडे राहतात. माणूस 'बेपत्ता' होतो. आणि येथून पुढे त्याला पाण्यात शोधणे हे नेमके कोणाचे काम, या प्रश्नाला राज्यात सरळ उत्तर नाही.

कायद्याने पोलिसांचा पंचनामा मृतदेह मिळाल्यावर सुरू होतो. तोवर ठाण्यात फक्त हरवल्याची नोंद. महसूल खात्याचे काम मदत वाटपापासून सुरू होते. पाटबंधारे खाते पाण्याचे मालक, पण पाण्यात गेलेल्या माणसाशी त्यांचा संबंध नाही. अग्निशमन दल शहरात. ग्रामीण तालुक्यांना त्याचा उपयोग बेताचाच. अशा वेळी पोलीस पाटील ज्याला निरोप धाडतो तो गावचा भोई किंवा कोळी असतो, नाहीतर शेजारच्या गावातील एखादा पट्टीचा पोहणारा. त्याच्यापाशी असते ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब, एक लांब दोर आणि मासेमारीचे गळ. तो छातीत श्वास भरून बुडी मारतो आणि हाताने तळ चाचपत जातो, कारण पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा काही उपयोग नसतो. वितीच्या पलीकडचे दिसत नाही. बुडालेला माणूस सापडतो तो स्पर्शाने.

या कामाचेही एक शास्त्र आहे, आणि अनुभवी पाणबुड्यांना त्यातले बरेचसे ठाऊक असते. बुडालेला देह प्रथम तळाशी जातो आणि शरीरात वायू साठल्यावर वर येतो. उन्हाळ्यातल्या उथळ पाण्यात दोन-तीन दिवसांत, धरणाच्या खोल गार पाण्यात त्याहून पुष्कळ उशिरा. म्हणून जेथे माणूस शेवटचा दिसला ती जागा नक्की करणे हे अर्धे काम. मग तेथे खुंटा किंवा वजन टाकून दोराच्या टोकाला धरून वर्तुळे काढीत तळ तपासायचा आणि दर फेरीला दोर थोडा सैल सोडायचा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो. दर दहा मीटर खोलीला शरीरावर एका वातावरणाइतका दाब वाढतो. श्वासाची टाकी पाठीवर बांधून खोल उतरलेल्याने घाईने वर यायचे नसते, नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून माणूस पंगू होतो किंवा मरतो. आज ध्वनिलहरींनी तळाचे चित्र दाखवणारी यंत्रे आणि पाण्याखालचे कॅमेरे उपलब्ध आहेत. ज्या यंत्रामुळे माणसाला अंधारात उतरावे लागत नाही, ते यंत्र म्हणजे चैन नव्हे.

शासनाकडे पथके नाहीत असे नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली २००६ साली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. त्याची एक तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूर येथे स्थापन झाल्या. जवान प्रशिक्षित असतात आणि जिवाची पर्वा न करता काम करतात. परंतु मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होते. शंभर-दोनशे किलोमीटरवरून येणारे पथक कितीही तत्पर असले तरी ते बुडणाऱ्याला वाचवायला येत नसते, मृतदेह काढायला येत असते. 'बचावकार्य सुरू' हे शब्द म्हणूनच फसवे आहेत. बचाव करू शकतो तो काठावरचा माणूस, आणि त्याला कोणी काही शिकवलेले नसते.

एवढे सारे एका मृतदेहासाठी कशाला, असा व्यवहारी प्रश्न काही जण खासगीत विचारतात. अंत्यसंस्काराची ओढ, आईने घाटावर दिवस-दिवस बसून राहणे, हे त्यांना भावुकपणाचे वाटते. तसे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी अर्थशास्त्राची भाषा वापरावी. गरिबाच्या घरी मृतदेह हा एक दस्तऐवज असतो. त्याच्यावाचून शवविच्छेदन नाही, शवविच्छेदनावाचून कारणाची नोंद नाही, नोंदीवाचून मृत्यूचा दाखला नाही. आणि दाखल्यावाचून पुढचे प्रत्येक दार बंद. सात-बाऱ्यावर वारसनोंद होत नाही, बँकेतले चार पैसे हलत नाहीत, संजय गांधी निराधार योजनेत विधवा म्हणून नाव लागत नाही. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूबद्दल राज्य दोन लाख रुपये देते आणि त्यात बुडून आलेला मृत्यूही धरलेला आहे. पण माणूस आधी मृत ठरला पाहिजे. सोसायटीचे कर्ज मात्र चालूच राहते. व्याजाला मृतदेहाची गरज भासत नाही.

मग ती बाई काय करते? १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १०८ म्हणत होते की, सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद कलम १११ म्हणून उतरली आहे. सात वर्षांचा काळ तसाच राहिला. कायद्याची नावे बदलणाऱ्यांना नदीकाठच्या विधवेची आठवण झाली नाही. त्यातही एक गाठ आहे. २००४ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, या कलमामुळे माणूस मेला असे गृहीत धरता येते, पण तो केव्हा मेला ते गृहीत धरता येत नाही. म्हणून दरम्यान हप्ते थकून पॉलिसी बंद पडली असेल तर विम्याची पूर्ण रक्कम मागता येणार नाही. न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावला, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्याचे व्यवहारातले रूप असे की, कमावता माणूस गेलेल्या घराने सात वर्षे त्या माणसाच्या आयुष्याचे हप्ते भरत राहायचे.

आणि हे अटळ आहे असेही नाही. २०१३ च्या उत्तराखंडातील प्रलयानंतर, तसेच फेब्रुवारी २०२१ मधील चमोलीच्या दुर्घटनेनंतर, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली विशेष कार्यपद्धती ठरवून बेपत्तांना मृत मानण्यात आले आणि दाखले देण्यात आले. चौकशी, जाहीर सूचना, हरकतींसाठी मुदत आणि मग निर्णय, अशी ती रीत होती. शेकडो माणसे एकदम गेली की शासनाला जे सुचते, ते एकटा माणूस गेल्यावर सुचत नाही. शोकालाही गर्दी लागते काय?

या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. माणसे ज्या पाण्यात बुडतात ते बहुतांशी निसर्गाने तसे ठेवलेले पाणी नाही. देशातील सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. त्यांची संख्या दोन हजारांच्या वर जाते. उजनीच्या पाण्याने रस्ते आणि शिवारे गिळली म्हणून कुगाव-कळाशीचे लोक होडीने जात होते. प्रवरेसारख्या नदीला भर उन्हाळ्यात आवर्तनाचे पाणी येते ते धरणातून. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी खाली तळाशी जाते, वर उसळते आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढते. त्या फेऱ्यात सापडलेला पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. वाळूच्या बेकायदा उपशाने नदीच्या पात्रात पुरुष-दोन पुरुष खोल खड्डे पडले आहेत, तेही आजोबांच्या काळापासून उथळ म्हणून माहीत असलेल्या उतारांवर. शेततळ्यांना सरकारी अनुदान मिळते. त्यांत अंथरलेल्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही आणि एकदा घसरलेले मूल बाहेर येऊ शकत नाही. पाण्याचे रूप ज्यांनी बदलले, पाणी कारखान्यांना आणि ऊसमळ्यांना विकून ज्यांनी पट्टी गोळा केली, त्यांनी त्या पाण्यातून माणूस काढण्याचा खर्च उचलावा, हे दान नव्हे. उत्पादनखर्चाचाच तो एक भाग आहे. आज तो खर्च मृताचे नातेवाईक डिझेलच्या आणि चहापाण्याच्या रूपाने भरतात, आणि भोई आपल्या अंगावर काढतो.

त्या भोयाच्या श्रमाचे मोल काय? कधी शाल आणि नारळ, कधी प्रजासत्ताक दिनी एक प्रशस्तिपत्र, बहुधा काहीच नाही. तो शासनाचा नोकर नाही म्हणून वेतन नाही. त्याला मालक नाही म्हणून कामगार नुकसानभरपाईचा कायदा लागू नाही. कानाचा पडदा फाटला, कुजलेल्या पाण्याने जखम चिघळली, तर औषधपाणी त्याचे त्याने करायचे. पोलिसांच्या बोलावण्यावरून उतरला आणि वर आलाच नाही, तर त्याला इतमाम कोणी द्यायचा याचा नियमही नाही. लोणावळा-मावळात आणि अन्यत्र स्वयंसेवी गिर्यारोहकांची व प्राणिमित्रांची पथके हे काम निष्ठेने करतात. त्यांच्याविषयी आदरच आहे. तथापि, त्यागावर चालणारी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे. जे काम दररोज करावे लागते, ते कोणाच्या तरी चांगुलपणावर सोपवणे म्हणजे त्या चांगुलपणाची पिळवणूक होय.

पैसा आणि साधने नाहीत, हा युक्तिवाद २०१८ साली दोन ठिकाणी तपासून पाहता आला. थायलंडमध्ये थाम लुआंग गुहेत २३ जून रोजी बेपत्ता झालेली बारा मुले व त्यांचा प्रशिक्षक २ जुलै रोजी दोन ब्रिटिश स्वयंसेवक पाणबुड्यांना सापडली आणि १० जुलैपर्यंत सर्व बाहेर आली. त्यात थाई नौदलाच्या एका माजी पाणबुड्याला प्राण गमवावे लागले. स्वयंसेवक तेथेही होते, पण त्यांच्यामागे सारे राज्य उभे होते. भारतातून किर्लोस्करांचे पंपतज्ज्ञही गेले होते. त्याच वर्षी १३ डिसेंबर रोजी मेघालयातील क्सान येथे कोळशाच्या बेकायदा खाणीत पाणी घुसून पंधरा मजूर अडकले. मोठे पंप आणि नौदलाचे पाणबुडे तेथे पोहोचायला डिसेंबर सरत आला. अखेर दोन मृतदेह हाती लागले. देश तोच, पंपही त्याच देशातले. फरक होता तो आत अडकलेल्यांविषयी कोणाला किती घाई वाटली याचा.

महाराष्ट्रालाही धडा नवा नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील १९२८ सालचा पूल कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नौदल, तटरक्षक दल, राष्ट्रीय दल, सारे आले. क्रेनला लोहचुंबक टांगून तळ तपासण्यात आला. तरी गाड्यांचे सांगाडे सापडायला आठवडा उलटला आणि काही मृतदेह थेट समुद्रकिनाऱ्यावर मिळाले. नवा पूल वर्षाच्या आत झाला, कारण त्यावरून वाहतूक जायची होती. नद्यांकाठी कायमचे शोधपथक मात्र झाले नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. नदी किंवा जलाशय असलेल्या प्रत्येक तालुक्यात भोई, कोळी आणि इतर तरबेज पोहणाऱ्यांची यादी करून त्यांना प्रशिक्षण, रोजचे ठरलेले मानधन आणि विमा द्यावा. बोलावणे आल्याच्या क्षणापासून ते शासनाच्या सेवेत आहेत असे मानावे. जिल्ह्याला तळ दाखवणारे एक यंत्र व ते चालवणारी माणसे असावीत. बेपत्ता माणूस बुडाल्याचा सबळ पुरावा असेल, तर उत्तराखंडात वापरलेली कार्यपद्धती एकेकट्या प्रकरणालाही लागू करून ठरावीक महिन्यांत तात्पुरता दाखला मिळावा. आणि सर्वांत आधी, ज्याला कवडीचाही खर्च नाही ते व्हावे: शोध चालू असताना वरचा विसर्ग थांबवण्याचा किंवा कमी करण्याचा, आणि पाणी उतरेपर्यंत कोणालाही आत न उतरवण्याचा अधिकार काठावरच्या पथकप्रमुखाकडे असावा. गेलेल्या माणसासाठी जिवंत माणूस वाहत्या पाण्यात लोटायचा नाही. आज पथकप्रमुख तहसीलदाराला सांगतो, तहसीलदार पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याला विनंती करतो, अभियंता आवर्तनाचे वेळापत्रक पाहतो, आणि तोवर होडी पाण्यात गेलेली असते. दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक जिल्ह्यात पावसाळापूर्व आढावा बैठक होते. नालेसफाई आणि धोकादायक इमारती यांच्याबरोबर पाणबुड्यांची यादी आणि विसर्गाचा अधिकार हे दोन विषय तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर येत्या मे महिन्यातच यावेत, अशी मागणी तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करावी.